जतन केलेली क्वेरी आणि बदललेले शब्द : इंदापूरच्या भूमापन नोंदींच्या संदर्भात डेस्कटॉप डेटाबेसचा ऐतिहासिक विचार

गोषवारा

इतिहास संशोधनात आकडेवारीचे प्रमाण वाढले, तसा डेस्कटॉप डेटाबेसचा वापरही वाढला. संशोधकाने एसक्यूएल भाषेत लिहून जतन केलेली क्वेरी काही डेटाबेस जशीच्या तशी ठेवत नाहीत. ते तिचे विश्लेषण करून भाग पाडतात आणि ती पुन्हा उघडली की त्या भागांवरून नवा मजकूर तयार करून दाखवतात. प्रस्तुत निबंधात या व्यवहाराची ऐतिहासिक कारणे तपासली असून, इंदापूर तालुक्यातील एकोणिसाव्या शतकातील भूमापनाच्या उदाहरणावरून त्याचे संशोधनावर होणारे परिणाम स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : डेटाबेस, एसक्यूएल, क्वेरी, भूमापन, प्रतबंदी, इंदापूर, बारामती.

१. प्रस्तावना

मूळ साधन आणि त्याची नक्कल यांतील भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रथमपासून शिकवला जातो. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर करताना नकलकाराने एखादा शब्द 'सुधारला', तर त्या सुधारणेची नोंद करणे आपण आवश्यक मानतो. परंतु हीच दक्षता आपण संगणकावर तयार केलेल्या साधनांबाबत क्वचितच घेतो. माहितीच्या तक्त्यातील आकडे पुन्हा पुन्हा पडताळले जातात, पण त्या आकड्यांना विचारलेला प्रश्न, म्हणजेच क्वेरी, आपण लिहिली तशीच राहिली आहे काय, हे सहसा पाहिले जात नाही.

हा विषय केवळ तांत्रिक आहे असे समजून तो संगणकशास्त्र विभागाकडे सोपवणे योग्य होणार नाही. प्रबंधातील कोष्टक हे क्वेरीचे उत्तर असते. प्रश्न बदलला आणि उत्तर जुन्याच प्रश्नाच्या नावावर छापले गेले, तर निष्कर्षाचा पायाच डळमळतो. बारामती आणि इंदापूर या परिसराच्या आर्थिक इतिहासात असा धोका विशेष संभवतो. याच भागातील जमिनीच्या नोंदी चाळीस वर्षांत तीनदा नव्याने लिहिल्या गेल्या आणि त्यांतील फरकावरच इतिहासकारांचे अनेक युक्तिवाद उभे आहेत.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) डेस्कटॉप डेटाबेस जतन केलेली क्वेरी का बदलतो याची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे, (आ) या बदलांचे प्रकार स्पष्ट करणे, (इ) इंदापूरच्या भूमापन नोंदींचे उदाहरण घेऊन संशोधकाने कोणती दक्षता घ्यावी हे सुचवणे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. क्वेरीची उदाहरणे सर्व विषयांच्या वाचकांना समजावीत म्हणून साध्या मराठी वाक्यांत दिली आहेत.

३. इंदापूरच्या नोंदी : पार्श्वभूमी

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनमध्ये नवी महसूल व्यवस्था उभारण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे आले. हेलिबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात त्याला माल्थसच्या अर्थशास्त्राचे शिक्षण मिळाले होते. एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा शेकडा ५५ हिस्सा सरकारने घ्यायचा, असे त्याच्या आकारणीचे सूत्र होते. १८३० च्या सुमारास इंदापुरात ही आकारणी लागू झाली. सूत्र तर्कशुद्ध होते. तथापि उत्पन्न आणि खर्च यांचे मूळ आकडे खालच्या पातळीवर ज्या रीतीने गोळा झाले, ती रीत विश्वासार्ह नव्हती. दर कोणत्या मूळ आकड्यांवरून कसा निघाला, हे नंतर तपासणेही अवघड होते. थकबाकी साचली आणि अनेक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने इंदापुरातील नोंदींमधील दोष वरिष्ठांच्या निदर्शनास आणले. त्यानंतर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले आणि १८३६ पासून इंदापुरात नवी आकारणी तीस वर्षांच्या मुदतीने लागू होऊ लागली. मुंबई इलाख्याची पुढील सर्व भूमापन पद्धती येथूनच विकसित झाली. तिचे नियम गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात एकत्रित झाले.

या अहवालातील प्रतबंदीची रीत आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. जमिनीचे पोत व रंगानुसार तीन प्रकार मानले होते. मातीची खोली हातांत मोजली जाई आणि त्यावरून नऊपैकी एक प्रत ठरे. पहिल्या प्रतीचे मूल्य १६ आणे, चौथीचे १०, पाचवीचे ८ आणि नवव्या प्रतीचे २ आणे. पहिल्या प्रकारची जमीन पावणेदोन हात खोल असल्यास ती पहिल्या प्रतीत आणि एक हात खोल असल्यास चौथ्या प्रतीत येई. चुनखडी, वाळूचे मिश्रण, उतार, पाण्याचा लोट यांसारखा प्रत्येक दोष जमिनीला एक प्रत खाली नेई. म्हणजे एक हात खोलीच्या पहिल्या प्रकारच्या जमिनीत एक दोष आढळला की ती पाचव्या प्रतीत जाऊन तिचे मूल्य १० ऐवजी ८ आणे होई.

महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रतबंदी करणारा कारकून वहीत केवळ अंतिम प्रत लिहीत नसे. शेताचे भाग पाडून तो चौकटी आखीत असे आणि प्रत्येक चौकटीत जमिनीचा प्रकार, खोली, दोषाची खूण आणि त्यावरून ठरलेली प्रत या सर्वांची नोंद करीत असे. त्यामुळे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर आणि उत्तराप्रत नेणारी रीत, दोन्ही एकाच चौकटीत दिसत. प्रिंगलच्या व्यवस्थेत नेमकी याचीच उणीव होती.

४. क्वेरी लिहिण्याच्या दोन परंपरा

आता डेटाबेसकडे वळू. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावर आधारित प्रश्न विचारण्यासाठी आयबीएम कंपनीत दोन भिन्न मार्ग निर्माण झाले. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. या मार्गात प्रश्न हा वाक्यांचा मजकूर असतो. दुसरा मार्ग मोशे झ्लूफ यांचा. १९७५ च्या सुमारास त्यांनी 'उदाहरणाद्वारे प्रश्न' ही पद्धत मांडली. तीत वापरकर्त्याने पडद्यावरील रिकाम्या तक्त्याच्या चौकटींत अटी भरायच्या असतात. येथे प्रश्न हा मजकूर नसून आकृती असते.

वैयक्तिक संगणकावर या दोन्ही परंपरा यथावकाश पोहोचल्या. डीबेस आणि त्यानंतरचे फॉक्सप्रो यांमध्ये आज्ञावली साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहत असे. फॉक्सप्रोमध्ये तयार केलेली क्वेरीसुद्धा मजकुराच्या स्वरूपातच जतन होई. ती कोणत्याही संपादकात उघडून वाचता येत असे. पॅराडॉक्सने १९८० च्या दशकात तक्त्यात अटी भरण्याची पद्धत सामान्य वापरकर्त्यांपर्यंत नेली. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसने दोन्ही परंपरा एकत्र आणल्या. एकच क्वेरी 'रचना दृश्यात' तक्त्याप्रमाणे आणि 'एसक्यूएल दृश्यात' मजकुराप्रमाणे पाहण्याची सोय त्यात होती.

ही सोय मोलाची होती. ज्यांना एसक्यूएल येत नाही, त्यांनाही तक्ता भरून प्रश्न विचारता येऊ लागला. मात्र तिची एक किंमत होती. एकच प्रश्न दोन रूपांत दाखवायचा, तर दोन्हींच्या मुळाशी तिसरे, समान रूप असावे लागते. अ‍ॅक्सेसमध्ये हे तिसरे रूप एका अंतर्गत तक्त्यात राहते. क्वेरी जतन होताना कोणते तक्ते, कोणते स्तंभ, कोणती जोडणी, कोणती अट, कोणता क्रम असे तिचे सुटे भाग या तक्त्याच्या वेगवेगळ्या ओळींत नोंदवले जातात. क्वेरी उघडली की या ओळींवरून मजकूर नव्याने रचला जातो. म्हणजे अशा व्यवस्थेत वापरकर्त्याला दिसणारा एसक्यूएल मजकूर मूळ लेख नसून पुनर्रचना असते.

५. बदलांचे प्रकार

अ‍ॅक्सेसच्या ९७ ते २००३ या आवृत्त्या महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरात होत्या. त्यांत दिसून येणारे बदल पुढीलप्रमाणे वर्गीकृत करता येतात.

(अ) बाह्य रूपातील बदल : संशोधकाने वाचनसुलभतेसाठी पाडलेल्या ओळी आणि सोडलेल्या जागा नाहीशा होत. रचना दृश्यातून जतन केल्यावर प्रत्येक स्तंभाच्या नावापूर्वी तक्त्याचे नाव लागे आणि अटींभोवती कंसांचे थर चढत. सूत्राला नाव दिले नसेल, तर डेटाबेस स्वतःच एक क्रमांकित नाव देई. अर्थ बदलत नसला, तरी लेखकाला स्वतःची क्वेरी ओळखणे कठीण होई. शिवाय या क्वेरींत टीप लिहिण्याची सोय नसल्याने अट का घातली याचे कारण क्वेरीबरोबर नोंदवता येत नसे.

(आ) रचनेतील बदल : मुख्य क्वेरीच्या आत गोल कंसात लिहिलेली उपक्वेरी जतन केल्यानंतर चौकोनी कंसात आणि पुढे पूर्णविराम घेऊन परत येई. ही क्वेरी चालत असे. परंतु उपक्वेरीत 'भूमापन क्रमांक' यासारखे दोन शब्दांचे स्तंभनाव असल्यास त्यालाही चौकोनी कंस लागत. कंसात कंस आल्यामुळे पुढील दुरुस्तीच्या वेळी डेटाबेस स्वतःच लिहिलेला मजकूर चुकीचा ठरवी.

(इ) नावांतील बदल : अ‍ॅक्सेस २००० पासून नावांच्या आपोआप दुरुस्तीची सुविधा आली. तक्त्यातील स्तंभाचे नाव बदलले की त्यावर अवलंबून असलेल्या क्वेरींतही ते बदलले जाई. जुन्या कागदांबाबत हा बदल सूक्ष्म पण गंभीर ठरतो. समजा, पेशवेकालीन कागदांतील बिघ्यांचे आकडे 'क्षेत्र' या स्तंभात आहेत. संशोधकाने त्याचे नाव 'क्षेत्र बिघा' केले आणि एकर व गुंठ्यांवरून काढलेल्या आकड्यांसाठी 'क्षेत्र' नावाचा नवा स्तंभ केला. आता जुन्या क्वेरी एकर वाचतील अशी त्याची अपेक्षा असते. आपोआप दुरुस्तीमुळे त्या बिघेच वाचत राहतात. उत्तर येते, त्रुटीची सूचना मात्र येत नाही.

(ई) तार्किक मांडणीतील बदल : हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याचा स्वतंत्र विचार करू.

६. एक कंस फोडल्याचा परिणाम

समजा, इंदापूरच्या १८३६ आणि १८६७ या दोन्ही आकारणींच्या नोंदी एकाच तक्त्यात आहेत. हलक्या जमिनीवरील सरासरी दर काढण्यासाठी संशोधक अट लिहितो :

तालुका इंदापूर आणि (खोली अर्धा हात किंवा कमी, किंवा दोष नोंदलेला).

ही क्वेरी रचना दृश्यात उघडून जतन केली, तर तक्त्याच्या रचनेमुळे तिचे रूप बदलते. तक्त्यात एका आडव्या ओळीतील अटी 'आणि'ने जोडलेल्या असतात, तर निरनिराळ्या ओळी 'किंवा'ने. दोन वेगळ्या स्तंभांवरील 'किंवा' एका ओळीत मावत नाही. म्हणून डेटाबेस कंस फोडून दोन ओळी करतो :

(तालुका इंदापूर आणि खोली अर्धा हात किंवा कमी)
किंवा
(तालुका इंदापूर आणि दोष नोंदलेला).

तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही रूपे समान आहेत आणि या क्षणी उत्तरही समान येते. त्यामुळे डेटाबेसने चूक केली असे म्हणता येत नाही. असे दोन पर्यायांचे तीन कंस असल्यास आठ आणि चार असल्यास सोळा ओळी होतात, एवढीच गैरसोय वरवर दिसते.

खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. संशोधकाला केवळ १८३६ च्या नोंदी हव्या आहेत, म्हणून तो वर्षाची अट वाढवतो. मूळ मजकुरात ती एकदाच लिहावी लागली असती, कारण तेथे कंस शाबूत होता. तक्त्यात मात्र ती प्रत्येक ओळीत लिहावी लागते. ती पहिल्याच ओळीत लिहिली आणि दुसरी ओळ तशीच राहिली, तर खोलीच्या अटीने १८३६ च्याच नोंदी येतात. परंतु दोषाच्या अटीने १८३६ आणि १८६७ या दोन्ही वर्षांच्या नोंदी येतात. त्या एकत्र मिसळून '१८३६ चा सरासरी दर' तयार होतो.

हा दर खऱ्या दरापेक्षा जास्त येण्याचा संभव आहे, कारण १८६७ च्या फेरआकारणीत इंदापुरातील सारा मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला होता. जुना दर फुगला की जुन्या व नव्या दरांतील अंतर कमी दिसते. आता या अंतराचे महत्त्व लक्षात घ्यावे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तत्कालीन रचनेत हा भाग भीमथडी तालुक्यात मोडत असे. या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे कर्ज, कापसाच्या भावातील घसरण आणि सावकारी यांच्याबरोबरच फेरआकारणीचा भार हाही वादाचा मुद्दा होता. वाढलेला सारा शेतकऱ्यांच्या दैन्याला कितपत कारणीभूत होता, यावर पुढे रविंदर कुमार, नील चार्ल्सवर्थ आदी इतिहासकारांनीही चर्चा केली. अशा वादात आपण सादर केलेले कोष्टक साराच्या भाराचे प्रमाण कमी दाखवणारे असेल आणि त्याचे कारण तक्त्यातील एक रिकामी चौकट असेल, तर तो निष्कर्ष इतिहासाचा नसून आपल्या अनवधानाचा ठरेल.

या चुकीत अपराध कोणाचा? डेटाबेसने केलेले रूपांतर समानार्थी होते आणि संशोधकाने वाढवलेली अटही योग्य होती. चूक दोघांच्या मधल्या जागेत घडली. संशोधकाच्या मनात मूळ वाक्य होते, पण समोर दुसऱ्याच रूपातील वाक्य होते.

७. चर्चा

हा व्यवहार एखाद्याच उत्पादनापुरता मर्यादित नाही. मोठ्या डेटाबेसमध्येही त्याची उदाहरणे आहेत. पोस्टग्रेस जतन केलेल्या दृश्याचे विश्लेषित रूप ठेवतो. 'सर्व स्तंभ' असे लिहिले असल्यास त्या वेळी अस्तित्वात असलेल्या स्तंभांची यादी करून तीच जतन करतो. मायएसक्यूएलही दृश्याची व्याख्या स्वतःच्या प्रमाण रूपात परत देतो. ओपनऑफिस बेसमध्ये क्वेरीचे विश्लेषण न करता ती थेट चालवण्याचा पर्याय उपलब्ध करून देण्यात आला. असा पर्याय देण्याची गरज भासली, यावरूनच यंत्राचे रूपांतर आणि वापरकर्त्याचा मजकूर यांत ताण असतो हे सूचित होते.

येथे इंदापूरच्या दोन पाहण्यांची तुलना उपयुक्त ठरते. अर्थात महसुली व्यवस्था आणि संगणकीय व्यवस्था एकच आहेत असे सुचवण्याचा हेतू नाही. प्रिंगलच्या आकारणीत सूत्र शास्त्रीय होते, पण मूळ नोंदीपासून दरापर्यंतचा प्रवास पाहता येत नव्हता. गोल्डस्मिड व विंगेट यांची रीत तुलनेने ढोबळ होती, तरी तिच्यात खोली, दोष आणि प्रत एकाच चौकटीत राहिल्याने दुसऱ्या व्यक्तीला ती तपासता येत होती. तिच्या दीर्घायुष्यामागे तपासणीची ही सोय हे एक कारण होते असे म्हणता येईल. संशोधकाचा डेटाबेस आज केवळ उत्तर जपत असेल आणि मूळ प्रश्न पुसत असेल, तर आपण विंगेटकडून पुन्हा प्रिंगलकडे जात आहोत असे म्हणावे लागेल.

८. शिफारशी

(१) प्रत्येक महत्त्वाची क्वेरी युनिकोड मजकुराच्या स्वतंत्र फाइलमध्ये, तारीख व हेतू लिहून ठेवावी. तीच मूळ प्रत मानावी.
(२) हाताने लिहिलेली क्वेरी रचना दृश्यात पाहिल्यास ती तेथून जतन न करता बंद करावी.
(३) वर्ष व तालुका यांसारख्या मूलभूत अटींसाठी वेगळी पायाभूत क्वेरी करावी आणि गुंतागुंतीच्या अटी तिच्यावर आधारित दुसऱ्या क्वेरीत ठेवाव्यात. असे केल्यास कंस फुटला तरी वर्षे मिसळत नाहीत.
(४) नावांची आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. स्तंभाच्या नावातच एकक लिहावे.
(५) क्वेरीत बदल करण्यापूर्वी व नंतर एकूण नोंदींची संख्या वर्षवार मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत.
(६) पीएच.डी. प्रबंधाच्या परिशिष्टात कोष्टकांबरोबर त्यांच्या मूळ क्वेरी जोडाव्यात आणि मार्गदर्शक व परीक्षक यांनी त्यांची पाहणी करावी.

९. निष्कर्ष

डेस्कटॉप डेटाबेस जतन केलेली क्वेरी बदलतो, यामागे मजकूर आणि तक्ता या दोन परंपरा एकत्र नांदवण्याचा ऐतिहासिक प्रयत्न आहे. त्यातून सामान्य वापरकर्त्याचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. तथापि बदललेले रूप समानार्थी असले, तरी ते समान सुरक्षित असतेच असे नाही. पुढील दुरुस्तीच्या वेळी त्यातून वेगळा अर्थ निर्माण होऊ शकतो. इंदापूरच्या कारकुनाने खोली, दोष आणि प्रत एकाच चौकटीत लिहिली, म्हणूनच त्याचे काम दुसऱ्याला तपासता आले. त्याच तालुक्याच्या नोंदी आज संगणकावर अभ्यासणाऱ्या संशोधकानेही आपल्या उत्तराशेजारी आपला प्रश्न, आपल्याच शब्दांत, जपून ठेवणे अगत्याचे आहे.